इंजिन चालू, पण गाडी ओढत नाही : बिघाड कुठे आहे ते कसे शोधावे आणि दुरुस्तीचा खर्च कसा ठरवावा

चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढत गेला, पण गाडीने ओढ घेतलीच नाही, असे झाले की बहुतेकांच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते ‘गिअरबॉक्स गेला’ हेच. ते खरे असू शकते. परंतु तपासणी होण्यापूर्वी ते मान्य करणे महागात पडते. इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचताना क्लच किंवा टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी असणारा, ऑइलवर चालणारा जोड), गिअरबॉक्स, डिफरन्शियल (ताकद दोन्ही बाजूंच्या चाकांत वाटणारा भाग), ड्राइव्ह शाफ्ट (चाकापर्यंत जाणारा फिरता दांडा) आणि चाकाचा हब (चाक ज्यावर बसते तो भाग) अशा कड्यांतून जाते, आणि यांपैकी कोणतीही एक कडी निसटली तरी चालकाला जाणवणारे लक्षण जवळजवळ सारखेच असते. निसटलेली कडी कधी गिअरच्या केबलच्या टोकाचे प्लास्टिकचे बुश असते, तर कधी संपूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. खर्चातला सगळा फरक येथेच पडतो. म्हणून गाडी खोलायला देण्याआधी कडी नेमकी कोणती, हे शक्य तितके निश्चित करणे हाच पैसे वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, असे माझे मत आहे.

आधी गाडी सुरक्षित उभी करा

ओढ सुटली तरी इंजिन चालू असेल तर स्टिअरिंग आणि ब्रेक यांना मिळणारी मदत चालूच राहते. त्यामुळे घाबरून इंजिन बंद करू नये. धोक्याचे चारही दिवे लावावेत आणि गाडीचा जो वेग शिल्लक आहे त्याचा उपयोग करून ती रस्त्याच्या कडेला घ्यावी. इंजिनही बंद पडले असेल तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये मोजक्याच वेळा पुरेल एवढी निर्वात ताकद उरते, म्हणून पेडल वारंवार पंपासारखे न दाबता एकदाच दाबून धरावे. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये, कारण किल्लीने चालणाऱ्या गाड्यांत स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते.

एक गोष्ट फार थोड्या चालकांना ठाऊक असते आणि ती जिवावर बेतू शकते. ऑटोमॅटिक गाडीत लीव्हर ‘पी’वर (पार्किंगवर) ठेवला की गिअरबॉक्सच्या आतला एक खटका तिथला शाफ्ट अडवून धरतो, चाक थेट अडवत नाही. त्याच्या आणि चाकाच्या मधला ड्राइव्ह शाफ्टच तुटला असेल, तर ‘पी’ गाडी धरून ठेवू शकत नाही आणि उतारावर ती आपोआप घरंगळू लागते. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करण्यालाही हेच लागू आहे. ओढ सुटलेल्या गाडीत नेहमी हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि चाकाखाली दगड किंवा लाकडाचा ठोकळा लावूनच खाली वाकावे.

ओढ गेली की ताकद कमी झाली?

मेकॅनिकला फोनवर सांगताना लोक तीन वेगळे बिघाड एकाच शब्दात सांगतात आणि तपासणी पहिल्याच पायरीवर भरकटते. इंजिन बंद पडले असेल तर प्रश्न इंधनाचा, विजेचा किंवा इंजिनाचा आहे. इंजिन चालू आहे, पण ॲक्सिलरेटर दाबूनही त्याचे फेरे वाढत नाहीत आणि गाडी रखडत का होईना पुढे जाते, तर ताकद कमी झाली आहे : इंधनाचा फिल्टर तुंबणे, टर्बोची नळी निसटणे, सायलेन्सरच्या मार्गातील फिल्टर भरणे, किंवा एखादा सेन्सर बिघडल्यामुळे संगणकाने इंजिनाला मर्यादित ताकदीवर आणून ठेवणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. इंजिनाचे फेरे मोकळेपणाने वाढतात, परंतु त्या प्रमाणात वेग वाढत नाही किंवा गाडी जागची हलतच नाही, तेव्हाच ओढ गेली असे म्हणावे. या लेखात पुढे जे आहे ते या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे.

जागेवरून हलण्यापूर्वी आठवणारे सर्व तपशील लिहून ठेवावेत. ओढ एका क्षणात सुटली की काही दिवस हळूहळू कमी होत गेली? सुटताना ठोका बसल्यासारखा आवाज आला का? जळका वास होता का? गाडी चढावर होती, वळणावर होती की रिव्हर्समध्ये? गिअरचा लीव्हर नेहमीसारखा लागत होता का? मोठा आवाज होऊन अचानक गेलेली ओढ बहुधा तुटलेल्या किंवा निसटलेल्या शाफ्टकडे बोट दाखवते; चढावर इंजिन नुसतेच ओरडणे, जळका वास येणे आणि आठवडे-महिने वाढत गेलेला त्रास क्लचकडे बोट दाखवतो. गाडीखाली वाकून ताजा ओघळ दिसतो का, आणि पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला शाफ्टच्या सांध्यावरचे रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस उडालेले आहे का, हेही पाहावे. त्याचे छायाचित्र काढून ठेवले तर पुढे वादाच्या वेळी उपयोगी पडते.

मॅन्युअल गाडी : क्लच, लीव्हर आणि शाफ्ट

प्रथम इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. लीव्हर सैल, कुठेही डुलणारा आणि अडकण्याची जाणीवच न देणारा झाला असेल, तर गिअरबॉक्सच्या आत काय आहे याचा विचार करण्याआधी लीव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल किंवा जोडदांडी तपासली पाहिजे. माझ्या स्वतःच्या गाडीत एकदा असेच झाले होते. ज्या वर्कशॉपमध्ये ती आधी नेली तिथे गिअरबॉक्स उतरवण्याचे अंदाजपत्रक हाती दिले गेले. दुसऱ्या ठिकाणी बॉनेट उघडून केबलचे निसटलेले टोक दाखवले गेले आणि झिजलेले बुश बदलून गाडी त्याच दिवशी परत मिळाली. तेव्हापासून ‘आधी बाहेरून दिसणारे तपासा’ हा नियम मी कधी मोडलेला नाही.

इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो आणि चालू असताना मुळीच पडत नाही, अशी स्थिती असेल तर क्लच सुटत नाही असा अर्थ होतो. क्लचची केबल तुटणे, हायड्रॉलिक सिलिंडर गळणे किंवा पेडल खाली जाऊन वर न येणे ही त्याची कारणे असतात. येथे गल्लत होते, कारण क्लचची केबल तुटली की क्लच कायमचा जोडलेला राहतो, सुटलेला नाही; गाडी पुढे जात नाही ती गिअरच टाकता येत नाही म्हणून. अशा वेळी क्लच प्लेट बदलण्याची गरज असतेच असे नाही.

गिअर अगदी सहज पडतात, पेडलही नेहमीसारखे आहे, पण क्लच सोडला तरी काहीच होत नाही, तेव्हा संशय दोन जागी राहतो : घसरणारा क्लच किंवा तुटलेला शाफ्ट. क्लच घसरतो की नाही हे पाहण्यासाठी गाडी सपाट आणि मोकळ्या जागी उभी करून हँडब्रेक पूर्ण ओढावा, फूटब्रेक दाबून धरावा, तिसरा किंवा चौथा गिअर टाकावा आणि इंजिन मंद गतीवर असताना क्लच हळूहळू सोडावा. क्लच पकडत असेल तर इंजिन धक्का देऊन बंद पडते. ते चालूच राहिले तर ताकद मध्येच कुठेतरी वाया जाते आहे. ही चाचणी एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केल्यास घासल्या जाणाऱ्या प्लेटची उष्णता फ्लायव्हीललाही (इंजिनाच्या टोकाची जड चकती, जिला ही प्लेट पकडते) इजा करते. इंजिन बंद पडले नाही, एवढ्यावरून क्लचला दोष देता येत नाही, कारण शाफ्ट तुटलेला असला तरी इंजिन असेच चालू राहते. अशा वेळी गाडी जागीच असताना स्पीडोमीटरचा काटा वर जातो का आणि एका बाजूने धातू फिरल्याचा आवाज येतो का, हे दोनतीन सेकंदच पाहावे. ज्या गाड्यांत वेग गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर मोजला जातो, त्यांत काटा वर गेला तर क्लच आणि गिअरबॉक्स काम करत आहेत आणि तुटलेली कडी त्यांच्या पुढे आहे, हे जवळजवळ सिद्ध होते. वेग चाकांवरील सेन्सरने मोजणाऱ्या गाड्यांत मात्र काटा न हलण्याला काही अर्थ नाही.

निर्णायक चाचणी वर्कशॉपमध्ये, तुमच्यासमोर, थोड्या मिनिटांत होऊ शकते. इंजिन बंद ठेवून गाडीची ओढणारी दोन्ही चाके उचलावीत, खाली मजबूत स्टँड लावावेत, उरलेल्या चाकांना ठोकळे लावावेत, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि एक चाक हाताने फिरवावे. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसऱ्या बाजूचे चाक उलट्या दिशेने फिरले पाहिजे. ते स्थिर राहून हातातले चाक सुटे फिरत असेल, तर एका बाजूचा शाफ्ट किंवा सीव्ही जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) गेला आहे. याच कारणामुळे एकच शाफ्ट तुटला तरी संपूर्ण गाडी जागेवर थांबते : डिफरन्शियल सगळी फिरकी सुट्या झालेल्या बाजूला देऊन टाकतो आणि धड बाजूच्या चाकाला काहीच मिळत नाही. दोन्ही चाके परस्परविरुद्ध फिरली तर शाफ्ट आणि डिफरन्शियल बहुधा शाबूत आहेत, आणि संशय मागे क्लच किंवा गिअरबॉक्सकडे सरकतो. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की शाफ्टच्या टोकाचे झिजलेले दाते हाताच्या जोराला टिकतात आणि इंजिनाच्या जोराला घसरतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीत इंजिन चालू करून गिअर टाकण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये.

ऑटोमॅटिक गाडी

येथेही सुरुवात बाहेरूनच करावी. न्यूट्रलमधून ‘डी’ (पुढे) किंवा ‘आर’मध्ये (रिव्हर्स) लीव्हर घेताना निरोगी गाडीत इंजिनाचे फेरे किंचित उतरतात आणि हलका धक्का जाणवतो. कोणत्याच जागी काही जाणवत नसेल तर लीव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल, ऑइलची पातळी आणि आतला पंप या क्रमाने तपास व्हावा. केबल निसटल्याची एक चांगली खूण आहे : फूटब्रेक दाबून धरला असता लीव्हर ‘डी’वर असतानाही स्टार्टर फिरत असेल, तर अनेक गाड्यांत त्याचा अर्थ गिअरबॉक्स प्रत्यक्षात ‘पी’ किंवा न्यूट्रलमध्येच आहे असा होतो. फक्त पुढची ओढ गेली आहे आणि रिव्हर्स व्यवस्थित लागतो, किंवा याच्या उलट, तर पंप आणि शाफ्ट यांच्यावरचा संशय जवळजवळ संपतो आणि गिअरबॉक्सच्या आतील त्या दिशेच्या क्लचकडे किंवा त्याला दाब पोहोचवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीकडे लक्ष जाते.

ऑइल हा येथे केवळ वंगणाचा विषय नाही. आतले क्लच त्याच्या दाबानेच पकडतात. पातळी उतरली की पंप हवा ओढू लागतो आणि ओढ सुटते. पातळी कोणत्या तापमानाला आणि इंजिन चालू ठेवून की बंद करून पाहायची, हे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक नव्या गाड्यांत मोजपट्टीच नसते आणि ते काम वर्कशॉपमध्येच होते. ऑइल काळपट आणि जळक्या वासाचे असेल तर आतले क्लच जळले आहेत, असे मानून पुढचा निर्णय घ्यावा. पातळी कमी निघाली तर ते गेले कुठे हे शोधल्याशिवाय नुसते भरून देणाऱ्यावर समाधान मानू नये. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सला साधे ऑटोमॅटिक ऑइल चालत नाही. चुकीच्या ऑइलने धड गिअरबॉक्सही बिघडतो. थोडा वेळ थांबल्यावर गाडी पुन्हा चालते आणि तापल्यावर परत ओढ सोडते, अशी तक्रार असेल तर तुंबलेला फिल्टर, झिजलेली सील किंवा दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये क्लचचे अतितापणे, या गोष्टी आधी पाहाव्यात.

गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर लावल्यावर मिळणारे कोड दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत. पी०७०० या कोडचा अर्थ गिअरबॉक्सच्या नियंत्रकाने काही दोष नोंदवला आहे एवढाच आहे, आणि त्याच्या आधारावर कोणताही भाग बदलणे चूक आहे. पी०७१५ आत येणाऱ्या आणि पी०७२० बाहेर जाणाऱ्या फिरकीच्या सेन्सरच्या विजेच्या मंडलाविषयी (सर्किट) असतो. तेथे दोष सेन्सरचा असतो तसाच वायरचा किंवा कनेक्टरमध्ये शिरलेल्या ऑइल-पाण्याचाही असू शकतो. पी०७३० म्हणजे आत येणारी आणि बाहेर पडणारी फिरकी यांचे प्रमाण जुळत नाही, म्हणजे आत कुठेतरी घसरण होते आहे. हा कोड अधिक गंभीर समजावा. सर्व कोड पुसण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे, कारण पुसल्यानंतर दोष घडला त्या क्षणाची नोंदही जाते. बॅटरी कमजोर असली तरी नियंत्रक भलतेच कोड दाखवतात, म्हणून तिचे व्होल्टेज आधी मोजून घ्यावे.

चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीत ट्रान्सफर केसचा (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लीव्हर न्यूट्रलमध्ये सरकला असेल तर कोणत्याही गिअरमध्ये गाडी हलत नाही. तो पुन्हा जागेवर बसवणे एवढेच काम असते. इलेक्ट्रिक गाडीत चार्जिंगची केबल जोडलेली राहणे किंवा १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरणे ही साधी कारणे आधी पाहावीत. नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या तारांना मात्र प्रशिक्षित माणसाशिवाय कोणीही हात लावू नये.

गाडी ओढून नेताना

चुकीच्या पद्धतीने ओढून नेल्यामुळे किरकोळ बिघाडाचा मोठा बिघाड होतो. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये वंगण पोहोचवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून ओढणारी चाके जमिनीवर फिरवली तर आतले भाग वंगणाविना फिरत राहतात. ऑटोमॅटिक, चारही चाकांनी ओढणारी, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. पुढची चाके ओढणारी मॅन्युअल गाडी पुढून उचलून नेता येते.

खर्च ठरवताना

गाडी वर्कशॉपला देताना पहिला करार फक्त निदानाचा करावा : तपासणीचे शुल्क किती, त्यात काय काय उघडले जाईल, आणि दुरुस्ती न करता गाडी परत नेली तर पुन्हा जोडण्याची मजुरी किती. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि मग गिअरबॉक्सचे सुटे भाग टेबलावर पडलेले असताना दुसरे मत घेण्याची मोकळीक राहत नाही. वॉरंटी किंवा वाढीव वॉरंटी शिल्लक असेल, तर काहीही खोलण्यापूर्वी ती देणाऱ्या कंपनीची लेखी मंजुरी घ्यावी. आधी खोललेल्या गाडीचा दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. गाडीच्या चासी क्रमांकावरून उत्पादकाने त्या भागासाठी गाड्या परत बोलावल्या आहेत का, हेही पाहावे. अपघाताचा विमा साधारणपणे झिजेने झालेला बिघाड भरून देत नाही, परंतु दगडावर आदळून गिअरबॉक्सचे आवरण फुटले असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, आणि तीही खोलण्यापूर्वी कळवावी लागते.

निदान हाती आल्यावर एकच प्रश्न विचारावा : ‘हे कोणत्या चाचणीवरून ठरवले?’ चांगला मेकॅनिक या प्रश्नाने दुखावत नाही. तो तुम्हाला सुटे फिरणारे चाक दाखवतो, दाबाचे मोजमाप दाखवतो, ऑइलच्या चाळणीत सापडलेले धातूचे कण दाखवतो. ‘अनुभवावरून कळते’ हे उत्तर छोट्या कामाला पुरते. गिअरबॉक्स बदलण्याइतक्या मोठ्या कामाला पुरत नाही, आणि अशा वेळी दुसऱ्या ठिकाणी दाखवण्याचा खर्च मी नेहमी योग्य मानतो. अंदाजपत्रक लेखी असावे, त्यात भाग आणि मजुरी वेगळी असावी, आणि ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त काम निघाल्यास विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे त्यावर स्पष्ट लिहून घ्यावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. पुनर्बांधणीसाठी जुना भाग जमा करायचा असेल तर किमान तो पाहून घ्यावा.

कोठे हात आखडावा आणि कोठे आखडू नये, हे मजुरीच्या प्रमाणावरून ठरते. क्लचच्या कामात गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खर्चाचा मोठा वाटा त्याच कष्टाचा असतो. तेव्हा फक्त प्लेट बदलून तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग जुनेच ठेवणे ही खोटी बचत आहे, कारण सहा महिन्यांनी बेअरिंग आवाज करू लागले तर तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते. गिअरबॉक्स उतरलेला असतानाच इंजिनाच्या मागच्या बाजूचे ऑइल सील आणि फ्लायव्हील तपासून घ्यावे. त्या सीलमधून गळणारे ऑइल नव्या प्लेटवर आले तर नवा क्लचही घसरतो. ड्राइव्ह शाफ्टचे काम त्या मानाने सोपे असते. तेथे दुसऱ्या बाजूचा शाफ्ट धड असेल तर ‘जोडीने बदलू’ हा आग्रह मान्य करण्याचे कारण नाही, फक्त त्याचा रबरी बूट फाटलेला नाही हे पाहावे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी चार पर्याय असतात : दोष असलेला सोलेनॉइड (ऑइलचा मार्ग उघडणारी-बंद करणारी विजेची झडप) किंवा व्हॉल्व्ह बॉडी एवढेच बदलणे, आहे त्या गिअरबॉक्सची पुनर्बांधणी, कारखान्यात पुनर्बांधणी झालेला गिअरबॉक्स बसवणे, किंवा दुसऱ्या गाडीतून काढलेला वापरलेला गिअरबॉक्स घेणे. वापरलेला सर्वांत स्वस्त दिसतो, पण त्याचा अचूक सांकेतिक क्रमांक, मूळ गाडी किती चालली होती आणि हमी फक्त भागाची आहे की बसवण्याच्या मजुरीचीही, ही माहिती लेखी मिळाल्याशिवाय तो घेऊ नये. भाग फुकट बदलून मिळाला तरी दुसऱ्यांदा उतरवण्या-चढवण्याची मजुरी तुमच्याच खिशातून जाते. कोणताही पर्याय घेतला तरी ऑइल थंड करणारा कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन किंवा बदलून घ्याव्यात, कारण जुन्या गिअरबॉक्सचे धातूचे कण तेथे साचलेले असतात आणि नव्यालाही खातात.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ लागला की लोक आजवर तिच्यावर केलेला खर्च आठवून निर्णय घेतात. तो हिशेब बाजूला ठेवावा. तुलना तीनच आकड्यांची करावी : आहे त्या अवस्थेत गाडी विकली तर काय मिळेल, दुरुस्तीनंतर तिचे मोल काय होईल, आणि तितकीच भरवशाची दुसरी गाडी घ्यायला किती लागेल. इंजिन आणि सांगाडा धड असलेली, तुम्हाला इतिहास माहीत असलेली गाडी दुरुस्त करणे अनेकदा अनोळखी जुनी गाडी घेण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते. मात्र गंजलेल्या, इतरही कामे साचलेल्या गाडीत नवा गिअरबॉक्स घालू नये.

गाडी ताब्यात घेताना मेकॅनिकला शेजारी बसवून ती थंड असताना आणि पूर्ण तापल्यावर, चढावर आणि रिव्हर्समध्येही चालवून पाहावी. ऑटोमॅटिक असेल तर नियंत्रकाला नव्याने जुळवून घेण्याची प्रक्रिया केली आहे का ते विचारावे आणि स्कॅनरवर नवे कोड नाहीत हे पाहावे. भरलेल्या ऑइलचा प्रकार बिलावर लिहून घ्यावा, आणि आठवडाभराने गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवावा. सकाळी त्यावर एकही थेंब दिसला तर त्याच दिवशी, हमीच्या कागदासह, गाडी परत न्यावी.